उघड्या दाराचे संस्कार

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा हा लेखरूप मजकूर.)



१४ ऑगस्ट २०२५ या दिवशी मुंबईत वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या सदनिकांच्या किल्ल्या मिळाल्या. सुमारे शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या चाळीतील १६० चौरस फुटांची खोली सोडून ही कुटुंबे ५०० चौरस फुटांच्या, स्वतःच्या मालकीच्या घरात जायला निघाली. एका खोलीत तीन पिढ्या नांदवणाऱ्या आणि मजल्यावरच्या सामायिक शौचालयापुढे आयुष्यभर रांग लावणाऱ्या गृहिणीला उतारवयात का होईना, पण स्वतःचे बंद होणारे दार मिळाले. हा आनंदाचाच प्रसंग आहे. चाळीच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी चाळ केव्हाच सोडलेली असते, आणि ज्याला रोज पहाटे हातात टमरेल घेऊन उभे राहावे लागते त्याला तो गहिवर येत नाही, हे प्रारंभीच सांगून टाकलेले बरे.

तथापि त्या दिवसाने एक जुना प्रश्न नव्याने उभा केला आहे. या दहा बाय सोळाच्या खोल्यांनी चार पिढ्यांत एका विशिष्ट घडणीचा मराठी माणूस तयार केला. अडीअडचणीला हाक न मारता धावून येणारा, वर्गणी काढण्यात आणि काढून घेण्यात संकोच न बाळगणारा, शेजाऱ्याच्या मुलाला हक्काने दटावणारा, आणि त्याच शेजाऱ्याच्या सुनेने काय नेसले आहे यावरही हक्काने बोलणारा! हा माणूस कोणी घडविला? कोणत्या शाळेने, कोणत्या ग्रंथाने, कोणत्या उपदेशाने? आणि ज्या साधनांनी तो घडला ती साधने नाहीशी झाल्यावर त्याच्या नातवंडांना कोण घडविणार?

माणूस समाजात राहतो हे आपण नेहमी म्हणतो. समाज माणसात राहतो, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०९ साली 'प्राथमिक समूह' ही संकल्पना मांडली. समोरासमोरचा, जवळचा आणि दीर्घकाळचा सहवास ज्या समूहात असतो, तेथे माणसाच्या स्वभावाचे मूळ घडते, असे त्याचे म्हणणे. अशा समूहांची त्याने दिलेली प्रमुख उदाहरणे तीन : कुटुंब, मुलांचा खेळगडी-समूह आणि शेजार. त्यापूर्वी १९०२ मध्ये त्याने आणखी एक सूक्ष्म विचार मांडला होता. आपण इतरांना कसे दिसत असू, याची कल्पना करीत करीतच माणूस स्वतःला ओळखू लागतो. जणू इतरांचे डोळे हाच त्याचा आरसा. संगतीचे महत्त्व आपल्या संतपरंपरेने जाणले होतेच. कूलीने त्याची यंत्रणा उलगडून दाखविली, इतकेच. कूली मुंबईला कधी आला असता तर त्याला आपले तिन्ही समूह एकाच जिन्याने वरखाली करताना दिसले असते. चाळीत कुटुंब कोठे संपते आणि शेजार कोठे सुरू होतो हे सांगणे अवघड, आणि खेळगडी तर दोन्हीकडे जेवणारे.

या चाळी कोणाच्या सद्भावनेतून उभ्या राहिल्या नाहीत. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली आणि १८५६ मध्ये तिच्यातून सूत निघू लागले. पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी, शिवडी हा सारा टापू धुराड्यांनी भरून गेला. कोकणातून, घाटावरून माणसे लोटत राहिली. ती राहणार कोठे, याची चिंता प्रथम कोणीच केली नाही. १८९६ मध्ये प्लेगने थैमान घातले, शहर ओस पडू लागले, तेव्हा सरकारला जाग आली आणि १८९८ साली 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' ही संस्था निघाली. तिने बांधलेल्या त्या बी.आय.टी. चाळी. पुढे १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' स्थापन झाले. त्याचा संकल्प ५० हजार खोल्यांचा होता. प्रत्यक्षात २०७ चाळी आणि सुमारे साडेसोळा हजार खोल्या झाल्या : वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२ चाळी. तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या. गिरगावच्या चाळींना असते तशी मोकळी गॅलरीही येथे नाही. मधोमध अंधारा बोळ आणि दोन्ही हातांना दहा-दहा दारे. काँक्रीटच्या या कोंदट खोल्या लोकांना इतक्या नकोशा वाटल्या की, सुरुवातीला त्यांपैकी अनेक रिकाम्याच राहिल्या. कायदेभंगाच्या चळवळीत वरळीच्या चाळींचा उपयोग सरकारने तात्पुरता तुरुंग म्हणून केला, यावरून त्या वास्तूची प्रकृती ध्यानात यावी. तुरुंग म्हणून शोभणाऱ्या या इमारतींत पुढे लोकांनी संसार थाटले आणि त्यांतून एक संस्कृती उभी केली. श्रेय द्यायचेच तर ते बांधणाऱ्यांना नव्हे, राहणाऱ्यांना द्यावे लागेल.

गिरणगावात प्रथम आला तो कुटुंबवत्सल गृहस्थ नव्हे, तर एकटा पुरुष. गुडघाभर चिखलात भात लावणारा रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा अठरा-वीस वर्षांचा मुलगा बोटीने अथवा पायी-गाडीने मुंबईत उतरे. त्याच्यापाशी दोन गोष्टी असत : एक वळकटी आणि गावातल्या कोणाचा तरी पत्ता. तो पत्ता म्हणजे गावची खोली. एका गावच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेल्या या खोलीत, ज्याला गाळा म्हणत, दहा-दहा, पंधरा-पंधरा माणसे राहत. ट्रंक ठेवायला भिंतीलगत एक जागा, कपडे टाकायला दोरीवर वीतभर अंतर, आणि झोपायला पाळीपाळीने मिळणारी तीच जमीन. पहिल्या पाळीचा माणूस भोंग्याबरोबर उठून गेला की रात्रपाळीचा परतून त्याच्या जागी अंग टाकी.

या गाळ्याने माणसाला काय शिकविले? प्रथम शिकविली जबाबदारी, तीही फार वेगळ्या वाटेने. नव्या मुलाला गिरणीत चिकटवायचे तर जॉबरच्या कानावर घालावे लागे. कानावर घालणारा हा त्याचा चुलता, मामा किंवा भावकीतला कोणी. म्हणजे या मुलाने खाडे केले, दारू पिऊन दंगा केला, तर शब्द खाली पडे तो मामाचा. ती वार्ता पुढच्या बोटीने गावी पोहोचे आणि आईला पाणवठ्यावर मान खाली घालावी लागे. कायद्याचा धाक शिपाई दिसेपर्यंत असतो, हा धाक मात्र अंथरुणापर्यंत सोबत येई. दर महिन्याला पगार झाला की गावी मनीऑर्डर गेली पाहिजे, हे कोणी नियम म्हणून लिहून ठेवले नव्हते. पण ज्याची मनीऑर्डर दोन महिने गेली नाही त्याच्याकडे गाळ्यातील माणसे ज्या नजरेने पाहत, ती नजर पुरेशी होती. कूलीचा आरसा तो हाच! कोकणातील कित्येक घरांच्या चुली या आरशामुळे पेटत राहिल्या.

गाळ्यातील ही माणसे जेवत कोठे? खानावळीत. पण खानावळ म्हणजे पाटी लावलेले उपाहारगृह नव्हे. नवऱ्याच्या पगारात भागत नाही म्हणून, किंवा नवरा गेला म्हणून, चाळीतली एखादी बाई आपल्या खोलीत गावच्याच दहा-पंधरा माणसांचा स्वयंपाक करी. पैसे महिनाअखेर. पाळीप्रमाणे डबे भरायचे, पहाटे तीनला शेगडी पेटवायची, शनिवारी-सोमवारी कोणाचा उपास आहे हे ध्यानात ठेवायचे, कोणाला ताप असेल तर पेज करून द्यायची. जेवणारे तिला मावशी किंवा वहिनी म्हणत, आणि ते म्हणणे केवळ तोंडदेखले नसे. गावाकडून आलेल्या कोवळ्या मुलाला मुंबईत पहिली आई भेटे ती ही. संप झाला की माणसे गावी निघून जात आणि तिची थकबाकी बुडे, वाण्याचे देणे मात्र चुकत नसे. १९७३-७४ च्या दीर्घ संपात या बायकांची झालेली परवड पाहून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे केले, त्यांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून दिले. गिरणगावचा इतिहास सांगताना युनियन, पुढारी आणि मोर्चे यांवर पाने भरतात. पहाटे तीनची शेगडी मात्र एखाद्या ओळीत आटोपते, हे काही बरोबर नाही.

पुढे कुटुंबे आली, खोल्यांना पडदे लागले, पाळणे बांधले गेले. आता चाळीचे खरे विद्यालय सुरू झाले. त्याची फी नव्हती आणि सुट्टीही नव्हती. चाळीत दार दिवसा बंद नसे. बंद दार दिसले की लोक विचारीत, "काय हो, बरे नाही का कोणाला?" या उघड्या दाराचा अर्थ मोठा आहे. मूल रांगायला लागले की ते उंबरा ओलांडून बोळात येई आणि मग ते एकट्या आईचे राहत नसे. समोरची आजी त्याला भरवी, पलीकडचे काका त्याला जिन्यावरून पडता पडता धरीत. थोडे मोठे होऊन ते खोटे बोलले, कोणाची वस्तू उचलली, तर पहिली चापट आईची असेच असे नाही. आणि त्या चापटीबद्दल आई भांडायला जात नसे, उलट "बरे केलेत" म्हणे. आजच्या पालकांना हे ऐकून नवल वाटेल. शाळेतील शिक्षकाने आवाज चढविला तरी आज तक्रारीचा अर्ज जातो. मुलांना मारावे असे येथे कोणालाच सुचवायचे नाही. सांगायचे ते एवढेच की, मूल एका मजल्यावरील वीस घरांच्या नजरेत वाढत होते, आणि वीस घरांना ते आपले वाटत होते.

दुसरा धडा पाण्याचा. जुन्या चाळींतून सामायिक नळाला पहाटे तासभर पाणी येई. वीस घरे, एक नळ, एक तास. या गणितातून भांडणे झालीच, हंडे-कळश्या आपटल्या, झिंज्या धरल्या गेल्या. पण त्यातूनच नियमही जन्माला आले. नंबर लावायचा तो भांडे ठेवून. बाळंतीण असलेल्या घराला पहिला नंबर. ज्या घरी मयत झाली त्या घराचे पाणी शेजाऱ्यांनी भरायचे. पाहुणे आले असतील तर एक हंडा जास्त, पण तो मागून. न्याय, सवलत आणि संयम या तीन गोष्टी नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असतात. या बायकांनी ते पुस्तक पाहिले नव्हते, आणि त्यांच्या मुलींनी मात्र बादली धरून रांगेत उभे राहता राहता ते पाठ केले. लग्न निघाले की चार खोल्या वऱ्हाडासाठी आपोआप रिकाम्या होत, रात्री कोणी अत्यवस्थ झाले की खुर्चीत बसवून जिना उतरविणारे चार खांदे तयार असत. जिना अरुंद, पण त्याच्या वळणावर खुर्ची कशी तिरकी करायची हे मजल्यावरच्या प्रत्येक तरुणाला ठाऊक असे.

आणि गणेशोत्सव. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव सुरू आहे. लालबागच्या राजाचे मंडळ १९३४ चे. आज या उत्सवांची चर्चा होते ती मूर्तीची उंची, ध्वनिक्षेपक आणि दर्शनाच्या रांगा यांवरून. पण चाळीतल्या उत्सवाचे महत्त्व निराळ्याच ठिकाणी होते. दहावीत नापास झालेल्या मुलाच्या हाती पहिल्यांदा वर्गणीचे पुस्तक येई. घरोघर जायचे, नकार पचवायचा, पावती फाडायची, पै न् पैचा हिशेब फळ्यावर खडूने लिहून लावायचा. तो फळा सारी चाळ वाचे आणि सव्वा रुपयाची चूकही खपवून घेत नसे. ज्याला कोणी विचारीत नव्हते तो मुलगा खजिनदार होई आणि दहा दिवसांत त्याची चाल बदले. भजनी मंडळ, नाटकाच्या तालमी, कॅरम, व्यायामशाळा, शक्ती-तुऱ्याचे सामने, सगळ्यांची रचना हीच. कोणी तरी आपल्यावर काही सोपविले आहे, ही जाणीव माणसाला जितकी घडवते तितके दुसरे काहीच घडवीत नाही.

समाज माणूस घडवितो याचे शब्दशः उदाहरण हवे असेल तर कविवर्य नारायण सुर्वे यांचे घ्यावे. जन्म १९२६ च्या सुमाराचा. आईवडील अज्ञात. मुंबईच्या रस्त्यावर सापडलेले ते तान्हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी आणले. गंगाराम आणि काशीबाई, दोघेही गिरणीत राबणारे. घरात आधीच खाणारी तोंडे. तरी त्यांनी त्या मुलाला आपले आडनाव दिले, शाळेत घातले. कोणाच्या रक्ताचे, कोणत्या जातीचे, हा प्रश्न त्या उंबऱ्यावर कोणी विचारला नाही. पुढे गंगाराम निवृत्त होऊन गावी गेले आणि मुलगा पुन्हा एकटा पडला. तेव्हा त्याला सांभाळले ते गिरणगावाने. गिरणीत पोऱ्या, शाळेत शिपाई, मग त्याच महापालिकेच्या शाळांतून शिक्षक, अशा पायऱ्या चढत तो मराठीतील मान्यवर कवी झाला. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा संग्रह १९६२ चा. त्यानंतर १९६६ मध्ये आलेल्या संग्रहाला त्यांनी नाव दिले 'माझे विद्यापीठ'. १९९८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१० मध्ये ते गेले. सुर्वे यांची राजकीय निष्ठा लाल झेंड्यावर होती, आणि ती येथील श्रोत्यांपैकी अनेकांना मान्य असणार नाही. त्याने काय बिघडते? ज्याला नाव नव्हते त्याला नाव देणारा समाज आपला आहे, ही गोष्ट कोणत्याही झेंड्याखाली तितकीच खरी आहे.

परंतु येथपर्यंत येऊन थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. चाळ जे जवळ होते तेच शिकवीत होती. उदारपणा जवळ होता तेथे तिने उदारपणा शिकविला, भेद होता तेथे भेदही तितक्याच बिनबोभाट शिकविला. गावची खोली म्हणजे बहुधा जातीचीही खोली. अमुक चाळ अमक्यांची, तमुक तमक्यांची, ही वाटणी गावगाड्याने शहरातही जशीच्या तशी आणली. कापडखात्यात, म्हणजे सुताचे टोक तोंडाने ओढावे लागे त्या विभागात, दलित कामगाराला प्रवेश नव्हता, कारण त्याचा उष्टा धागा इतरांना चालत नव्हता. रक्त न विचारता मूल उचलणारे गिरणगाव आणि धाग्याला विटाळ मानणारे गिरणगाव एकच होते, हे सत्य कटू असले तरी गिळावेच लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच गिरणगावात वाढले. लहानपणी परळच्या डबक चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब. दिवसा गोंगाटात अभ्यास होणे अशक्य. म्हणून वडील रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला अभ्यासाला उठवीत आणि स्वतः आडवे होत. पुढे परळच्याच बी.आय.टी. चाळीतील ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत बाबासाहेब १९१२ ते १९३४ असे सुमारे बावीस वर्षे राहिले. कोलंबिया आणि लंडनहून परतलेला हा विद्वान, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह करणारा हा नेता, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातून साऱ्या देशाशी बोलत होता. त्यांना घडविण्यात पित्याच्या त्या जागरणाचा वाटा आहे, तसाच समाजाने ठिकठिकाणी मिटलेल्या दारांचाही आहे. समाज स्वीकारून घडवितो, तसा नाकारूनही घडवितो. नाकारलेला प्रत्येक जण बाबासाहेब होत नाही. बहुतेक जण आतल्या आत मोडतात आणि त्यांची नोंद कोठेही होत नाही.

इरावतीबाई कर्वे यांनी पंढरीच्या वारीवर लिहिले आहे. एकाच दिंडीत, एकच अभंग गात चालणारी माणसे जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात, हे पाहून त्या कष्टी झाल्या. गिरणगावची स्थिती यापेक्षा निराळी नव्हती. आणि दाबून ठेवलेले कधी तरी वर येतेच. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींत सवर्ण आणि दलित वस्त्यांत दंगल पेटली. चाळी समोरासमोर, माणसे एकाच गिरणीत जाणारी, आणि दगड इकडून तिकडे. त्याच दिवसांत निघालेल्या मोर्चावर इमारतीवरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव या तरुणाचा बळी घेतला. एका मजल्यावरच्या आजारी माणसाला खांदा देणारे हातच पलीकडच्या चाळीवर दगड भिरकावीत होते. सहवासाने माणसे जोडली जातात हे खरे, पण सहवास जेथे थांबतो तेथेच आपुलकीही थांबते. ती आपोआप रस्ता ओलांडून जात नाही, तिला कोणी तरी हाताला धरून पलीकडे न्यावे लागते.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली बाहेर पडले. हा संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. तो विझत गेला, आणि त्याबरोबर गिरणगावही. चुका कोणाच्या, मालकांच्या की सरकारच्या की पुढाऱ्यांच्या, हा वाद आजही चालतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते निराळेच. भोंगा थांबला आणि चाळीचे घड्याळ बंद पडले. बापाचा पगार गेला तेव्हा घरातला त्याचा शब्दही गेला. आई धुणीभांडी करू लागली, बहिणी मिळेल त्या कामाला लागल्या. आणि नाक्यावर बसलेल्या धाकट्या मुलांना हाक आली ती टोळ्यांची. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकाने हे चित्र मराठी रंगभूमीवर आणले. ज्यांनी ते पाहिले त्यांना ते विसरता येणार नाही.

ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, चाळ तीच होती. तीच व्यायामशाळा, तेच नाक्यावरचे मित्र, तोच 'आपल्या माणसासाठी वाटेल ते' हा बाणा. पूर्वी त्या बाण्याने खांदा दिला जाई, आता त्याच बाण्याने हाती सुरा आला. समूहाची शक्ती जशीच्या तशी राहिली होती, तिच्यापुढचे काम मात्र नाहीसे झाले होते. संस्कार एकदा झाले की जन्मभर पुरतात, या समजुतीला गिरणगावने दिलेला हा उलटा दाखला आहे. रोजचे काम, रोजची कमाई आणि त्यातून येणारी प्रतिष्ठा यांचा आधार सुटला की चांगल्या घरचे संस्कारही फार काळ तग धरीत नाहीत. तरुणांपुढे केवळ आदर्शांची भाषणे करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. गिरण्यांच्या जागी आज उंच व्यापारी इमारती आणि झगमगते मॉल उभे आहेत. जुन्या साचेवाल्याचा नातू त्यांतल्याच एखाद्यात सुरक्षारक्षकाच्या गणवेशात भेटला तर कोणी आश्चर्य मानू नये.

आता वरळीच्या त्या ५५६ कुटुंबांकडे पुन्हा वळावे. नवी इमारत ४० मजली आहे. कोणाला कोणत्या मजल्यावरील घर मिळायचे हे सोडतीने ठरले. तेव्हा बोळापलीकडच्या दारातली शेजारीण आता समोर असेल असे नाही. ती वीस मजले वर असू शकेल, आणि उद्वाहनाने वीस मजले जाऊन "जरा विरजण देता का?" असे कोणी विचारणार नाही. खोली स्वतंत्र, नळ स्वतंत्र, शौचालय स्वतंत्र. म्हणजे ज्या ज्या जागी माणसांची गाठ पडत असे, ती प्रत्येक जागा घरात गेली. गाठ पडणे हा पूर्वी नाइलाज होता, आता तो निर्णय झाला आहे. एक गोष्ट मात्र याच सोडतीने अजाणता साधली. चाळीचाळींतील जुन्या सीमारेषा काही अंशी पुसल्या. कालपर्यंत जो पलीकडच्या चाळीचा, तो आज एकाच मजल्यावर शेजारी असू शकतो. १९७४ मध्ये ज्यांच्या आजोबांनी एकमेकांवर दगड उचलले, त्यांची नातवंडे एकाच उद्वाहनात दप्तरे घेऊन उभी राहू शकतील. त्यांची ओळख व्हावी अशी सोय कोणी करणार आहे का?

कारण चाळ कमिटीची जागा आता गृहनिर्माण संस्थेने घेतली आहे, आणि तिच्या सभांत विषय असतात देखभाल शुल्क, वाहनतळ आणि गळती. हे विषय टाळता येणारे नाहीत. ज्या घराचे भाडे किरकोळ होते त्या घराला ४० मजली इमारतीचा खर्च महिन्याच्या महिन्याला झेपेल का, ही काळजी रास्तच आहे. तो न झेपल्यामुळे घर विकून विरार-बदलापूरला जावे लागले, तर शेजाराची चर्चाच व्यर्थ ठरेल. पण त्याच सभेत आणखी काही गोष्टी ठरविता येतात. मंडळाचा गणपती तळमजल्यावर बसवायचा आणि त्याची वर्गणी भ्रमणध्वनीवरून परस्पर न मागता प्रत्येक दारी जाऊन घ्यायची. हिशेबाचा फळा उद्वाहनाजवळ लावायचा. प्रत्येक मजल्यावर दोन घरे अशी नेमायची की, ज्यांना त्या मजल्यावरील एकटे राहणारे वृद्ध कोण आणि दुपारी शाळेतून रिकाम्या घरी येणारी मुले कोणाची, याची माहिती असेल. सभागृहातील एक कपाट पुस्तकांसाठी मागून घ्यायचे. यांतील कशालाही सरकारी मंजुरी लागत नाही. लागते ते संध्याकाळी सात ते आठ या वेळेत दूरचित्रवाणी बंद करून जिना उतरणारे, आता उद्वाहनाने उतरणारे, पाच-सात जण. प्रत्येक चाळीत अशी पाच-सात माणसे होतीच. नव्या इमारतीतही ती राहायला गेली आहेत. फक्त त्यांना आता कोणत्या दारामागे शोधायचे, एवढाच प्रश्न आहे.